बर्फाला पुरून उरणारा गोठा

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझ्या आईवर अन्याय झाला. तिच्या तीन शेळ्यांसाठी बांधलेला, आठ फूट बाय बारा फूट मापाचा, कोरा करकरीत गोठा जागेवरून उठला, बांध ओलांडून गेला आणि आमच्या तात्यांच्या रानात जाऊन बसला. या घटनेचा मी तीव्र निषेध करते. (निषेध नेमका कुणाचा करायचा हे ठरवायला मला आठ दिवस लागले. आरोपी सापडला तेव्हा तो माझ्याच चपला घालून उभा होता.)

मी जयश्री. जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव नारायणगावपासून जीपने वीस मिनिटांवर आहे, आणि त्या जीपमध्ये किती माणसं कोंबावीत यावर मी एक पत्रक काढलेलं आहे. एसटी थांबत नाही यावर दोन काढली. रस्त्यावरचा दिवा लागत नाही यावर चार. नारायणगावचा झेरॉक्सवाला मला लांबून बघितलं की न विचारता मशीनमध्ये शंभर कागद भरतो. दिवा अजून लागलेला नाही, पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी त्याच्या उजेडात वाचायला गावाकडे भरपूर साहित्य तयार आहे.

तर मुद्दा शेळ्यांचा. आईकडे चार शेळ्या होत्या. मागच्या बाजूला तुरकाट्यांचा एक जुना आडोसा होता, त्यात त्या राहायच्या. चैत्रात बिबट्याने त्या आडोशाला खांदा लावला आणि चारातली एक नेली. आमच्याकडे बिबट्या येतो याचं कुणाला नवल नाही, पण आईने त्या दिवसापासून उरलेल्या तिघी थेट घरात, बाहेरच्या खोलीत बांधल्या आणि स्वतःचं अंथरूणही तिथेच टाकलं. टीव्हीसमोर शेळ्या, शेळ्यांसमोर आई. आप्पा, म्हणजे माझे वडील, बातम्या बघायला बसले की एक शेळी त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवायची. आप्पांची तक्रार नव्हती. "ही तरी ऐकती माझं," म्हणायचे.

तक्रार वेगळीच होती. आईच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं, कळंबला. आईला माहेरी चार दिवस जायचं होतं. माझ्या जन्मापासून आई माहेरी सलग चार दिवस राहिलेली मला आठवत नाही. कधी म्हैस, कधी कांद्याची काढणी, कधी माझा दहावीचा पेपर. यंदा तिने लुगड्याची घडीसुद्धा बाहेर काढून ठेवली होती. पण शेळ्या उघड्यावर टाकून ती हलणार नव्हती.

"गोठा झाला तर जाईन," ती म्हणाली. "न्हाई झाला तर अक्षता हितनंच टाकीन."

"गोठा होईल," मी म्हणाले. "मी बांधणार."

आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात हे फार गंभीर लक्षण समजलं जातं.

आता बांधायचा तर जागेचा प्रश्न. आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या यांचं वाटप तोंडी झालेलं आहे. मध्ये हातभर उंचीचा बांध, अलीकडे आम्ही, पलीकडे तात्या. पण सातबाऱ्यावर अजून दोघांची नावं एकत्र. त्यामुळे दोन्ही घरांचा एक अलिखित करार आहे, की कागदावर वाटप होईपर्यंत कुणी पक्कं बांधकाम करायचं नाही. आणि पक्कं कशाला म्हणायचं? तर ज्याला खड्डा घेतला ते पक्कं. खड्डा नाही तर बांधकाम नाही. तात्यांनी एकदा कपडे वाळत घालायच्या तारेसाठी खांब पुरला होता, तर आप्पा तीन महिने त्यांच्याशी बोलले नव्हते.

मी यावर कायदेशीर तोडगा काढला. एक अर्ज लिहिला, तीन प्रतींत: "सदर गोठा हा तात्पुरता, पायाविरहित व केव्हाही हलवता येण्याजोगा राहील." आणि तो घेऊन तात्यांकडे गेले.

तात्यांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. तात्या हे माझे एकमेव नियमित वाचक आहेत. माझं प्रत्येक पत्रक त्यांनी तारखेवार एका फाईलमध्ये लावून ठेवलेलं आहे. कौतुकाने नव्हे. पुरावा म्हणून.

"हलवता येन्याजोगा म्हंजी?" तात्यांनी चष्मा वर केला.

"म्हणजे उद्या तुम्ही हरकत घेतलीत तर दहा माणसं लावायची आणि उचलायचा."

"आसं लिवून देतीस?"

"लिहिलंच आहे."

तात्यांनी सही केली आणि एक प्रत फाईलला लावली. मला वाटलं, मी जिंकले.

आराखडा मी इंटरनेटवरून काढला. परदेशातला होता. छोटी इमारत कशी उभी करावी म्हणजे वारा आणि बर्फ यांचा भार सोसेल, याच्या सगळ्या मापांसकट. त्यात छप्पर उंच आणि उतरतं होतं, वासे दीड दीड फुटावर होते, प्रत्येक कोपऱ्यात तिरक्या पट्ट्या होत्या. मला तो बघताक्षणी पटला. मी त्याची झेरॉक्स काढली आणि नामा मिस्त्रींसमोर पसरली. नामा मिस्त्री म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले जुने सुतार. सत्तरी ओलांडलेली, कानावर पेन्सिल, आणि बोलण्याआधी माणसाला पुरेसं गप्प बसवण्याची कला.

"हे काय लिवलंय?" त्यांनी बोट ठेवलं.

"बर्फाचा भार."

"कुठं पडनार? लेण्याद्रीला?"

"मिस्त्री, गारा पडतात की नाही आपल्याकडे? मागं टोमॅटोचा चिखल झाला होता. गारा म्हणजे बर्फच."

मिस्त्रींनी विचार केला. "बरं. पडू द्या. आन् पाया?"

इथे मी आराखड्याची शेवटची ओळ वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, की थंडीत जमीन जितकी खोल गोठते, त्याच्या खालपर्यंत पाया न्यावा.

"आपली जमीन गोठत नाही," मी म्हणाले. "म्हणजे पायाची गरज नाही. सहा सपाट दगड टाकायचे, त्यावर खांब उभे करायचे."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली.

"म्हंजी बरफ पडतोय," ते सावकाश म्हणाले, "पन जमीन गोठत न्हाय."

"बरोबर."

"ताई, मी आपलं सांगतो. अडीच फुटाचा खड्डा घ्या. खांबाच्या बुडाला आडवं लाकूड ठोका, म्हंजी त्यो उपटत न्हाय. वर पत्र्याला तार मारून दगडं बांधा. माझ्या बापानं हेच क्येलं, मी हेच करतोय."

दगड! पत्र्यावर दगड बांधणं म्हणजे स्वतःच्या मागासलेपणाची जाहिरात करणं, असं मी त्यांना सुनावलं. खड्ड्याचं तर लेखी दिलं होतं, त्यामुळे तो विषयच बंद. मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली. "घर तुमचं, शेळ्या तुमच्या," म्हणाले, आणि कामाला लागले. माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य संमतीसारखं ऐकू येतं.

पुढचे दहा दिवस मी झपाटल्यासारखी राबले. निलगिरीचे खांब मी स्वतः तासले. वासे दीड फुटावर म्हणजे दीड फुटावर, टेप लावून. मिस्त्री खिळे मारायला निघाले तर मी खिळे काढून घेतले आणि म्हणाले, बोल्ट. नारायणगावात हार्डवेअरचं दुकान चालवणारे शेठ माझी यादी बघून म्हणाले, "ताई, पूल बांधताय का?" मी म्हणाले, गोठा. "किती हत्ती आहेत?" त्यांनी विचारलं आणि बोल्ट मोजायला घेतले.

बोल्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून मी प्रत्येक बोल्टचं टोक हातोडीने ठोकून चपटं केलं. आता तो या जन्मात उघडणार नाही, याची खात्री केली. (हे वाक्य लक्षात ठेवायची गरज नाही, लगेच खाली भोवणार आहे.) तीन बाजू पत्र्याने बंद केल्या आणि पश्चिमेची बाजू बिबट्याला तोंड घालता येणार नाही अशा जाड जाळीची ठेवली, म्हणजे आईला स्वयंपाकघरातून शेळ्या दिसतील. सगळं झाल्यावर मी छपरावर चढून नाचले. खरोखर नाचले. कर्रही वाजलं नाही.

"बघा मिस्त्री. हत्ती बसला तरी मोडणार नाही."

"हत्ती वरनं येतोय व्हय," मिस्त्री पुटपुटले.

आईचं म्हणणं होतं की आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साडेतीन मुहूर्तांतला दिवस आहे, शेळ्या आत घालू. मी मुहूर्त मानत नाही. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे मी कार्यक्रम मुद्दाम एक दिवस पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी चार वाजता उद्घाटन ठेवलं. रिबीन, नारळ, सहा खुर्च्या. श्रोते: आई, आप्पा, मिस्त्री, बांधापलीकडून तात्या आणि काकी, आणि लिंबाला बांधलेल्या तीन शेळ्या. मी अकरा मुद्द्यांचं भाषण काढलं होतं.

तिसऱ्या मुद्द्यावर आई म्हणाली, "जये, आभाळ बघ."

"आई, मध्ये बोलू नकोस."

"अगं पन आभाळ..."

"वळीव दरवर्षी येतो. आपण त्याचा विचार आराखड्यात केलेला आहे. मुद्दा चौथा..."

पश्चिमेकडून धुळीचा एक पडदा शेतं गिळत आला. पहिल्या झपाट्यात खुर्च्या गेल्या, दुसऱ्यात माझे मुद्दे पाच ते अकरा. तिसरा झपाटा जाळीतून सरळ गोठ्यात शिरला. आत शिरला आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती, कारण उरलेल्या तीन बाजू मी इतक्या चोख बंद केल्या होत्या की त्यातून मुंगी जाऊ नये.

मग गोठा उठला. ओढा ओलांडताना बाई लुगडं सावरून घोट्यापर्यंत वर घेते, तसा आधी टीचभर वर झाला. जरा थांबला. आणि मग रिबीन तोडून (म्हणजे उद्घाटन झालं, असं धरायला हरकत नाही) बांधाच्या दिशेने निघाला. बांधावर एकदा टेकला, वळला, पुन्हा उठला आणि तात्यांच्या कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात जाऊन धप्पकन बसला. जाळीची बाजू आता तात्यांच्या घराकडे होती.

मी हे अभिमानाने नोंदवते की एकही बोल्ट ढिला झाला नव्हता. एकही वासा हलला नव्हता. आमच्या बाजूला सहा सपाट दगड जागच्या जागी, ओळीत बसले होते.

पाच मिनिटांत वारा गेला. आप्पा म्हणाले, "शेळ्या आत न्हवत्या म्हनून बरं. काल आखितीला घातल्या असत्या तर शेळ्यांसकट गेला असता."

"बघ, मुहूर्त मानला नाही म्हणून शेळ्या वाचल्या," मी आईला म्हणाले.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेले मुद्दे शोधायला निघून गेले.

मिस्त्री उठून सहा दगडांजवळ गेले. "ताई," ते म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आभाळ खाली पडंल म्हनून तुमी घर बांदलंत. घर वर जाईल ह्ये कुनी बघायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारा माणसं जमवली. गोठा उचलून परत आणायचा. बारा जणांनी खांदे लावले, "हां, एक दोन तीन" केलं, आणि गोठा जागचा तसूभर हलला नाही. बरोबरच होतं. बर्फाच्या हिशोबाने बांधलेला होता तो. "वाऱ्याला बोलवा परत," बारातला एक जण म्हणाला. मग म्हटलं, सुटा करून नेऊ. पाना लावला. बोल्टची टोकं कुणी चपटी केली होती ते तुम्हाला आठवत असेल.

तेवढ्यात तात्या फाईल घेऊन आले.

"पावणं, हात लावू नका," त्यांनी बारा जणांना सांगितलं. "हा गोठा आता माझा हाय."

"तुमचा कसा?" मी म्हणाले.

तात्यांनी फाईल उघडली. मागच्या उन्हाळ्यात बांधालगतच्या तात्यांच्या आंब्याचे पाड आमच्या बाजूला पडायचे. काकी ते वेचायला आल्या तेव्हा मी आंब्याच्या खोडालाच एक निवेदन चिकटवलं होतं. तात्यांनी ते आता मोठ्याने वाचलं: "बांधापलीकडे पडलेली कोणतीही वस्तू, ती ज्या रानात पडली त्या रानाच्या कसणाऱ्याची राहील. ही आपली पूर्वापार रीत असून तिला कुणीही हरकत घेऊ नये. खाली सही, जयश्री."

"कोणतीही वस्तू," तात्यांनी बोट ठेवून दाखवलं. "मी म्हनलं व्हतं, आंबे लिव. तूच म्हनलीस, कायद्याची भाषा व्यापक पायजे."

बारा माणसं खाली बसून हसू लागली. त्यांच्यातल्या चौघांनी ते आंबे खाल्ले होते.

मी धरणं धरलं. दुसरं काय येतं मला? गोठ्याच्या दारात, भर उन्हात, सतरंजी टाकून बसले. मागणी एकच, गोठा परत द्या. मी उपोषण जाहीर केलं तेव्हा काकी ताक घेऊन आल्या. "उपास हाय ना? मग ताक चालतं," म्हणाल्या. दुपारी त्यांनी सतरंजी सावलीत ओढली, माझ्यासकट. तात्या अधूनमधून येऊन विचारून जायचे, "घोषणा न्हाय का? घसा बसला का? काकीला हळद-दूध सांगू का?" दडपशाहीला तोंड कसं द्यायचं ते मला माहीत आहे. पाहुणचाराला तोंड कसं द्यायचं ते कुठल्याही शिबिरात शिकवलं नव्हतं.

लग्नाला नऊ दिवस राहिले होते. कागदावर सहाव्या वेळी मागणी लिहीत होते तेव्हा डोक्यावर सावली पडली. आई होती. तिच्या हातात तीन दावी, तिन्हीच्या टोकाला एकेक शेळी.

"ऊठ," आई म्हणाली.

"आई, धरणं चालू आहे."

"चालू दे. जरा सरकून चालू दे. दारात बसलीस, शेळ्यांना आत जायाचंय."

"पण गोठा आता त्यांचा..."

"आसंना का. शेळ्या माझ्या हायेत." आणि माझ्या अंगावरून, म्हणजे अक्षरशः सतरंजीवर लेंड्या टाकत, तिघी आत गेल्या. आईने दावी बांधली, मग तात्यांच्या अंगणात जाऊन काकींना म्हणाली, "जाऊबाई, कळंबला चार दिस जायाचंय मला. तुमच्या दारातनं शेळ्या दिसत्यात. तेवढं बघाल का?"

काकी म्हणाल्या, "बघंन की. इचारताय काय?"

संपलं. माझ्या अर्जाच्या तीन प्रती, निवेदनं, धरणं, सगळं बाजूला. दोन जावांनी दोन वाक्यांत मिटवलं. आणि मला तेव्हा कळलं, की माझ्या आराखड्यात वारा, बर्फ, बिबट्या सगळे होते. पण आई गेल्यावर चार दिवस शेळ्यांना पाणी कोण दाखवणार, हा मुद्दा अकरात कुठेच नव्हता. (आप्पांच्या भरवशावर शेळ्याच राहिल्या नसत्या. माझ्या भरवशावर तर आई शेळ्यांना सोडूच शकत नव्हती, हे तिने मला नंतर सांगितलं. न विचारता.)

तात्या मात्र गोठ्याभोवती फेरी मारून आले आणि म्हणाले, "वहिनी, शेळ्या ऱ्हाऊ द्या. पन आसंच न्हाय ठेवायचं. परत वारं आलं तर माझ्या रानातनं शेजारच्याच्या रानात जाईल, मग त्याच्याकडं कुठं फाईल हाय? खड्डं घ्या."

"तात्या," मी उठून उभी राहिले, "खड्डा घेतला म्हणजे पक्कं. तुमच्या रानात पक्कं म्हणजे कायमचं तुमचं."

"मग नगं घेऊस."

मी आईकडे बघितलं. ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत पत्र्याकडे बघत होती. आभाळात नुसता एक ढग होता. तो बघून तिने लुगड्याचा पदर घट्ट खोचला. ती जाणार नव्हती. छप्पर मिळालं, बघणारं मिळालं, तरी हा गोठा जमिनीला धरून नाही हे कळल्यावर ती कळंबला जाणार नव्हती.

"पहार द्या," मी म्हणाले.

सहा खड्डे, प्रत्येकी अडीच फूट. वरची वीतभर माती सोडली की खाली नुसता मुरूम. पहार मारली की पहारच झिणझिणते. पहिल्या दिवशी अर्धा खड्डा झाला आणि माझ्या तळहातांचे फोड फुटले. दुसऱ्या दिवशी फडकी बांधून दीड. आप्पा यायचे, खड्ड्यात डोकावायचे आणि "आजून गोठली न्हाई वाटतं जमीन," म्हणून जायचे. तात्या बांधावर बसून प्रत्येक खड्डा काठीने मोजायचे. सव्वादोन भरला तर, "लेखी अडीच हाय," म्हणायचे. मीच लिहून दिलं होतं त्यांना. सवय.

मिस्त्रींकडे मी स्वतः गेले. म्हणाले, चुकलं. त्यांनी लगेच "असू द्या ताई" म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "काय काय चुकलं?" आणि सगळं ऐकून घेतलं, क्रमाने, चहा संपेपर्यंत. मग आले.

गोठा उभाच होता, म्हणून प्रत्येक जुन्या खांबाला लागून खड्डा, खड्ड्यात नवा खांब, त्याच्या बुडाला आडवं लाकूड, भोवती दगड आणि काँक्रीट, आणि वर दोन्ही खांब लोखंडी पट्टीने एकमेकांना जखडलेले. जाळीच्या समोरच्या भिंतीत, छपराखाली, मिस्त्रींनी हातभर रुंदीची फट कापली आणि तिलाही जाळी मारली. "आलेल्या पावन्याला जायला दार पायजे," म्हणाले. शेवटी मी तारेचं भेंडोळं आणि दगड घेऊन छपरावर चढले. पत्र्याच्या दोन्ही कडांना, मी ज्यांना मागासलेपणाची जाहिरात म्हणाले होते ते दगड, माझ्या हातांनी बांधले. खाली बारातले चौघे बघायला आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. गाठी मारत राहिले. आठ दगड, दुहेरी तार.

लग्नाला दोन दिवस असताना पुन्हा आभाळ भरलं.

या वेळी भाषण नव्हतं. आई आत शेळ्यांजवळ जाऊन उभी राहिली आणि काही केल्या बाहेर येईना. मग मी जाळीच्या कोपऱ्यावरचा खांब दोन्ही हातांनी धरला. आप्पांनी दुसरा धरला. बांध ओलांडून तात्या आणि काकीही आले. धरून काही उपयोग नव्हता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ज्या वाऱ्याने बारा माणसांना न हललेला गोठा उचलला, त्याला आम्ही चौघे काय पुरणार? पण नुसतं बघत उभं राहवेना.

वारा आला. जाळीतून आत शिरला, आणि मला हातांत स्पष्ट कळलं, की तो खांब ढकलत नाहीये. तो वर ओढतोय. विहिरीतून भरली घागर शेंदताना दोर ओढतो तसा, सरळ वर. खांब थरथरला. मुरमात कुठेतरी खोल ते आडवं लाकूड अडलं असावं. ओढ वाढली, अजून वाढली, आणि समोरच्या फटीतून वारा शिट्टी घालत निघून गेला. खांब होता तिथेच होता.

मग गारा सुटल्या. पत्र्यावर असा ताशा वाजला की शेळ्यांनी एकमेकींच्या पोटाखाली डोकी घातली. छपरावर पांढरा थर साचला आणि मी आनंदाने ओरडले, "मिस्त्रींना बोलवा! बर्फाचा भार!" तो भार त्याच क्षणी आराखड्याप्रमाणे, उतरत्या छपरावरून, एका दमात घसरला. वळचणीखाली तात्या उभे होते.

तात्यांनी टोपी काढली, आतल्या गारा झटकल्या, परत घातली.

"आराखडा बरा व्हता," ते म्हणाले. "मानूस चुकीच्या जागी हुबा व्हता."

आई बाहेर आली. तिने छपराकडे बघितलं नाही, दगडांकडे बघितलं नाही. वाकून खांबाच्या बुडाची माती बोटांनी दाबून पाहिली. ती फुगली नव्हती. "सकाळच्या जीपनं जाते," म्हणाली. आणि गेली. कळंबला चार दिवस म्हणून गेली, पाच दिवस राहिली. जाताना काकींना शेळ्यांच्या सवयी सांगितल्या आणि मला एकच सूचना दिली, की काकी सांगतील तेवढं कर, शेळ्यांना काही समजावून सांगू नकोस.

गोठा तात्यांच्या रानातच आहे. पक्का आहे. मीच केलाय. तात्यांनी त्यावर फाईलमध्ये एक नवा कागद लावलाय, त्यांनी स्वतः लिहिलेला: शेळ्या वहिनींच्या, गोठा आमचा, खत निम्मं निम्मं. आप्पांनी त्यावर न भांडता सही केली. दोन भावांनी एका कागदावर सही करण्याची ही पहिलीच वेळ. मी शुद्धलेखन तपासायला मागितला तर दोघांनी मिळून दिला नाही.

आता तुम्ही. होय, वाचून झाल्यावर "मजेदार आहे" म्हणून कागद ठेवून देणारे तुम्ही. तुमच्या दारात शेड असेल, मोटारीची खोली असेल, कोंबड्यांचं खुराडं असेल, तर वळवाची वाट बघू नका. आत्ता उठा. तिथे जा. कोपऱ्यातल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारा आणि वर उचला. ढकलू नका, वर उचला. तो जरा जरी हलला, तर तुमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलवा, ते म्हणतील तेवढा खोल खड्डा घ्या, आणि काहीही झालं तरी मला बोलवू नका.